जुन्या डॅट टेपा, सोनी पीसीएम-डी५० आणि डिजिटल केबल्स: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सदाशिव पेठेतील लहानशा संगीत मंडळाकडे १९९०च्या दशकात झालेल्या घरगुती बैठकींच्या साठ-पासष्ट डॅट टेपा, म्हणजे आवाज आकड्यांत साठवणाऱ्या डिजिटल कॅसेटी, आहेत. त्या वेळी मंडळातील एका हौशी सभासदाने स्वतःच्या खर्चाने त्या भरल्या, लोखंडी कपाटात लावून ठेवल्या आणि पुढे वीस-बावीस वर्षे त्यांना कोणी हात लावला नाही. गेल्या वर्षी त्या संगणकावर घेण्याचे काम माझ्याकडे आले. ओळखीच्या एका गृहस्थांकडून डॅटचा डेक, म्हणजे त्या टेपा वाजवणारे यंत्र, मिळाला, रेकॉर्डर म्हणून माझा सोनी पीसीएम-डी५० होताच. म्हणजे उरली ती मधली केबल. मला वाटले होते की हे एका संध्याकाळचे काम आहे. प्रत्यक्षात जुळणी मनासारखी बसायला अडीच महिने लागले, आणि त्यानंतरच्या साडेसहा महिन्यांतही तिने दोनदा दगा दिला.

डी५० हा २००७ साली आलेला आणि आता उत्पादन बंद झालेला रेकॉर्डर मी जुन्या वस्तूंच्या बाजारातून घेतला, तो मुख्यतः एका कारणासाठी. त्याच्या लाइन-इनच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकातच ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून संदेश घेणारे, डिजिटल इनपुटही आहे. त्यामुळे डॅटवर जे आकडे आहेत तेच आकडे, मध्ये ॲनलॉगचा फेरा न घेता, थेट फाइलमध्ये उतरवता येतात. आत ४ जीबी मेमरी आहे आणि तो चार पेन्सिल सेलवर चालतो. डॅटचे ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार नमुने), १६ बिट ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६९० एमबी जागा घेते, म्हणजे दोन तासांच्या दोन टेपा ओतल्या की मी फाइली संगणकावर काढून घेतो.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली आणि ती पूर्णपणे माझी होती. डेकच्या मागे डिजिटल आउटचे एकच भोक होते आणि ते कोॲक्शियल (थोडक्यात कोॲक्स), म्हणजे टीव्हीच्या केबलसारख्या गोल आरसीए पिनेचे होते. माझ्याकडे एका टोकाला आरसीए आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन असलेली साधी केबल होती. पिन भोकात छान बसली, टेप सुरू केली, आणि पडद्यावरच्या पातळीच्या पट्ट्या जवळजवळ हलल्याच नाहीत. कारण उघड आहे, पण ते तेव्हा सुचले नाही. त्या भोकाला दोन कान आहेत: विजेचा कान फक्त ॲनलॉग ऐकतो आणि प्रकाशाचा कान फक्त डिजिटल. कोॲक्समधून येणारा डिजिटल संदेश विजेचाच असतो, पण तो सेकंदाला तीस लाखांहून अधिक बिटांचा असतो. ॲनलॉग कानाला तो कळत नाही आणि प्रकाशाच्या कानापर्यंत तो पोहोचतच नाही. म्हणून मध्ये कोॲक्सचे ऑप्टिकल करणारी एक लहान डबी लागते.

ती डबी, दीड मीटरची ऑप्टिकल केबल आणि केबलच्या चौकोनी टोकाला बसवायचे ३.५ मिलिमीटरचे ॲडॉप्टर अशा तीन वस्तू मी तपकीर गल्लीतून आणल्या. दुकानदाराने ॲडॉप्टर हातात देताना बजावले होते, "काका, हे चालेल, पण ढिले झाले तर माझ्याकडे घेऊन येऊ नका." पुढच्या सगळ्या कटकटींचे भाकीत त्या एका वाक्यात होते, हे मला चार आठवड्यांनी समजले.

ऑप्टिकल केबल, जिला टॉसलिंक म्हणतात, ती तोशिबाने १९८३ साली आणली. आत साधारण एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा धागा असतो आणि त्यातून तांबडा प्रकाश जातो. जोडणी तपासण्याची सर्वांत सोपी पद्धत हीच आहे: एक टोक डबीत खोचावे, दुसरे तळहातासमोर धरावे, आणि तळहातावर तांबडा ठिपका दिसला की स्रोत जिवंत आहे असे समजावे. नव्या केबलच्या टोकांवर पारदर्शक टोप्या असतात, त्या काढायला विसरू नये. मी एकीकडची काढली होती आणि दुसरीकडची तशीच राहिली होती, एवढे सांगून तो विषय सोडतो.

केबलच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असलेले आणि पाच-सहापट किमतीचे प्रकारही दुकानात होते. विजेच्या पिनेला सोन्याचा उपयोग समजू शकतो, पण प्रकाशाला त्याचे काय कौतुक? मी साधी केबल घेतली. नऊ महिन्यांत तिच्या धाग्याने एकदाही तक्रार केलेली नाही. तक्रार आली ती ॲडॉप्टरकडून. ऑप्टिकल मिनी पिन नेहमीच्या हेडफोनच्या पिनेपेक्षा किंचित लांब असते, जेणेकरून तिचे टोक आतल्या प्रकाशग्राहकाच्या अगदी जवळ जावे. स्वस्त ॲडॉप्टरमध्ये केबलचे चौकोनी टोक पूर्ण आत बसत नाही, मध्ये नखाएवढी फट राहते, आणि वरून केबलचे वजन भोकाबाहेर लोंबत असल्यामुळे सगळी जोडणी हळूहळू खाली झुकते. प्रकाश कमी होत जातो आणि रेकॉर्डरला बिट वाचणे अवघड होते.

"डिजिटल म्हटले की एक तर चालते, नाहीतर चालत नाही" असे आपण सर्रास म्हणतो. मीही म्हणत होतो. वस्तुस्थिती अशी आहे की काठावरची जोडणी पन्नास मिनिटे निर्दोष चालते आणि एकावन्नाव्या मिनिटाला, नेमकी भैरवी सुरू झाल्यावर, तीन ठिकाणी तुटते. या संदेशात आकड्यांबरोबर कालगणनाही गुंफलेली असते. रेकॉर्डरने तो ठेका क्षणभर गमावला की तेवढा भाग गेलाच, आणि ॲनलॉगसारखी आधी खरखर होऊन सूचना मिळण्याची सोय इथे नाही.

आवाज तुटला की दोष टेपचा की केबलचा, हा प्रश्न दर वेळी येतो, कारण इतक्या जुन्या डॅट टेपाही मध्येच अडखळतात. त्यासाठी मी एक रीत ठरवली आहे आणि तिने मला एकदाही फसवलेले नाही. तीच टेप पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. त्याच जागी तुटली तर दोष टेपचा किंवा डेकच्या हेडचा. दुसऱ्याच जागी तुटली तर केबल, डबी किंवा ॲडॉप्टर. त्याहून कडक परीक्षा हवी असेल तर दोन्ही फाइली संगणकावर एकमेकींखाली लावून, नमुन्याला नमुना जुळवून, एकीची फेज उलटी करून (म्हणजे अधिकचे उणे करून) बेरीज करावी. दोन्ही फाइलींतले आकडे तंतोतंत सारखे असतील तर उरते ती संपूर्ण शांतता. आवाजात फेरफार करणारे लिमिटर आणि लो-कट बंद ठेवून मी पाच टेपांवर ही परीक्षा घेतली आणि ॲडॉप्टर नीट बसवल्यानंतर पाचही वेळा बेरीज शून्य आली. त्या दिवसापासून केबलच्या किमतीवरून वाद घालणाऱ्यांना मी फक्त हे शून्य दाखवतो.

ॲडॉप्टर नीट बसवले म्हणजे काय, तर ते केबलच्या टोकावर दाबून धरले, सांध्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, आणि रेकॉर्डरशेजारी त्याच उंचीचे एक पुस्तक ठेवून केबल त्यावर आडवी टेकवली, म्हणजे भोकावर वजन येत नाही. दिसायला हे ओंगळ आहे. पुढे एका टोकाला कारखान्यातच ३.५ मिलिमीटरची ऑप्टिकल पिन बसवलेली केबल मिळाली आणि पुस्तक पुन्हा कपाटात गेले. नव्याने घेणाऱ्याने सरळ तशीच केबल शोधावी. ॲडॉप्टर हा नाइलाज आहे.

दुसरा दगा अधिक गमतीचा होता आणि त्याचे मूळ सापडायला मला तीन रविवार लागले. कोॲक्स-ऑप्टिकल डबीला पाच व्होल्टची वीज लागते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याची सवय असल्यामुळे मी शहाणपणा करून डबी पॉवर बँकेवर लावली. काही मिनिटे सर्व ठीक चालायचे, मग एकाएकी शांतता. डबी हलवली, केबल काढून घातली की पुन्हा सुरू. मी ॲडॉप्टरला, डेकला आणि शेवटी टेपेलाही दोष दिला. प्रत्यक्षात डबी इतकी कमी वीज ओढत होती की पॉवर बँकेला मोबाइल चार्ज होऊन संपला असे वाटायचे आणि ती आपण होऊन बंद पडायची. केबल काढताना माझा धक्का तिच्या बटणाला लागायचा, म्हणून ती पुन्हा जागी व्हायची. मोबाइलचा साधा चार्जर लावला आणि प्रश्न मिटला. गुरुवारी मी आता टेपा लावतच नाही.

कोॲक्सच्या बाजूबद्दल सांगण्यासारखे तुलनेने कमी आहे. ही केबल ७५ ओहमची असावी लागते. जुन्या टीव्हीची आणि व्हीसीडी प्लेयरची पिवळ्या पिनेची व्हिडिओ केबल नेमकी ७५ ओहमची असते, त्यामुळे घरात ती पडून असेल तर वेगळी घेण्याची गरज नाही. तांबड्या-पांढऱ्या ऑडिओ केबलला असे काही बंधन नसते, ती एक-दीड मीटरपर्यंत चालूनही जाते, पण मी त्या भरवशावर राहणार नाही. एक सावधगिरी मात्र जरूर घ्यावी. दोन पिनांच्या चार्जरवर चालणारी यंत्रे कोॲक्सने जोडताना बोटांना बारीक झिणझिण लागते, आणि आरसीएची मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी टेकत असल्यामुळे तो झटका थेट इनपुटला बसतो. म्हणून आधी केबल, मग वीज. ऑप्टिकलमध्ये दोन यंत्रांचा विजेचा संबंधच येत नाही, आणि हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

डिसेंबरमध्ये ही जुळणी मी टेपांच्या कामाबाहेरही वापरून पाहिली. मंडळाच्या एका बैठकीत माइक प्रीॲम्पला (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) डिजिटल आउट होते आणि ते रेकॉर्डरपासून सात-आठ मीटर दूर होते. तेवढी लांब ऑप्टिकल केबल उसनी आणून सतरंजीखालून नेली. श्रोते येऊन बसले, आणि पहिल्या ख्यालाच्या आतच केबल कोणाच्या तरी मांडीखाली काटकोनात दुमडली. प्लास्टिकचा धागा तुटला नाही, पण त्या वळणातून प्रकाश निसटू लागला. पुढच्या बैठकीला मी लांबचा पल्ला कोॲक्सने नेला आणि डबी रेकॉर्डरशेजारी ठेवून शेवटच्या हातभर अंतरापुरतीच ऑप्टिकल ठेवली. भारतीय बैठकीत, जिथे जमीन हीच आसनव्यवस्था असते, तिथे मला हीच मांडणी योग्य वाटते. प्रीॲम्पला कॅननच्या (माइकच्या तीन काट्यांच्या) पिनेचे एईएस, म्हणजे व्यावसायिक पद्धतीचे डिजिटल आउट असेल तर मात्र ते नुसती पिन बदलून या डबीला जोडू नये. ती जोडणी ११० ओहमची असते आणि तिचा व्होल्टेज कोॲक्सच्या अर्ध्या व्होल्टच्या कितीतरी पट असतो. तिला मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो.

आता सर्वांत महागात पडलेली चूक. मध्यंतरी माझा रेकॉर्डर दुसऱ्या कामात असल्यामुळे थेट कोॲक्स घेणारा एक वेगळा रेकॉर्डर उसना आणला. तो ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवलेला होता आणि टेप ४८ची होती. त्याने तक्रार न करता ४८चे आकडे घेतले आणि फाइलीवर ४४.१चा शिक्का मारला. ऐकायला बसलो तर काळी एकमध्ये गाणारे बुवा पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मधोमध गात होते, तंबोरे तसेच उतरलेले, आणि तासाभराचे गाणे पासष्ट मिनिटांचे झालेले. मंडळातील एका ज्येष्ठांनी दोन मिनिटे ऐकून "त्या दिवशी बुवांचा आवाज बसला होता वाटते" असा निष्कर्षही काढला. सुदैवाने आकडे शाबूत होते. फाइलीचा शिक्का ४८ करताच बुवा आपल्या पट्टीत परतले. तेव्हापासून प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला डेकवरचा दर आणि रेकॉर्डरवरचा दर वहीत शेजारी शेजारी लिहितो.

मंडळाकडे काही मिनीडिस्कही (ध्वनिमुद्रणाच्या लहान डिजिटल तबकड्या) आहेत. घरगुती मिनीडिस्क डेकला ऑप्टिकल आउट असल्याने त्या याच केबलने, ४४.१वर, विनासायास उतरल्या. ज्यांच्याकडे फक्त खिशातला मिनीडिस्क रेकॉर्डर आहे त्यांनी आधी तपासावे, कारण त्यांपैकी बहुतेकांना ऑप्टिकल आत घेता येते, बाहेर देता येत नाही. तसेच डॅटच्या डिजिटल नकलांवर कॉपीबंदीचा झेंडा असू शकतो. काही रेकॉर्डर तो पाळतात, काही पाळत नाहीत, म्हणून मूळ टेप हाताशी असताना नकलेच्या वाटेला जाऊ नये.

सध्या अकरा टेपा शिल्लक आहेत. पावसाळ्यात डेकचा दमटपणाचा दिवा सतत लागत असल्याने त्या दिवाळीनंतरच काढणार आहे. तोवर केबलच्या दोन्ही टोकांना त्यांच्या मूळ टोप्या घालून, सैल वेटोळे करून, ती टेपांच्याच कपाटात ठेवली आहे. जुने ॲडॉप्टरही चिकटपट्टीसकट तिथेच आहे.