कोकणातल्या घराला बाहेरून काय लावावं: चुना, सिमेंट पेंट की इमल्शन?

दिवाळी आटोपली की कोकणात रंगाची चौकशी सुरू होते आणि दुकानदार आधी शेडकार्ड पुढे सरकवतो. पिस्ता की बदामी हे नंतर ठरवा. आधी भिंत बघा. चिरा मातीत बांधलाय की सिमेंटात, गिलावा आहे का, असला तर कसला, आणि त्यावर आज काय लावलेलं आहे? एवढं कळलं की निम्मी निवड तिथेच होते.

चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. या काळात भिंत पाणी पिते आणि पुढे थंडीत, उन्हाळ्यात ते हळूहळू बाहेर सोडते. त्या वाटेवर रंगाचा जाड पापुद्रा आला की आधी फुगे, मग पोपडे, आणि मागून पांढरा खार. रंग कितीही महाग असो.

म्हणून मातीच्या सांध्यांच्या जुन्या चिरेबंदी घराला मी अजूनही चुनाच सुचवीन. कळीचा चुना रात्रभर भिजवून गाळायचा, थोडा डिंक आणि पांढरेपणाला नीळ घालायची. त्यातून वाफ आरपार जाते, आणि चुना मुळात अल्कधर्मी असल्यामुळे सुरुवातीचे काही महिने बुरशी फारशी धरत नाही. तोटा उघड आहे. पावसाच्या माऱ्यात तो धुऊन जातो, हात लावला तर पांढरा होतो, आणि दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. माल स्वस्त असला तरी शिडी, परांची आणि रंगाऱ्याची मजुरी दरवर्षी आहेच. गावात घरचं माणूस राहत असेल तरच हे जमतं. घर वर्षभर बंद असेल तर हा हिशेब बिघडतो.

सिमेंट पेंट, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ‘स्नोसेम’ म्हणतात तो, मधला पर्याय. पांढऱ्या सिमेंटची ही पूड खरबरीत, उघड्या गिलाव्यावर छान धरते. पुट्टी लागत नाही, वाफही बऱ्यापैकी बाहेर पडते. मात्र लावण्याआधी भिंत भिजवायची, कालवलेला रंग दोन-तीन तासांत संपवायचा आणि लावल्यावर दोन-तीन दिवस पाणी मारायचं. इथेच घोडं अडतं: मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना भिंतीवर पाणी कोण मारणार? पाणी न मारलेला सिमेंट पेंट पुढे पुसला जातो आणि दोष डब्याला लागतो. हे काम डिसेंबर-जानेवारीतच उरका. दोन-तीन वर्षं मिळतात, पण खरबरीत पृष्ठावर शेवाळ लवकर बसतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पश्चिमेची बाजू काळवंडलेली दिसेलच.

ॲक्रेलिक एक्स्टीरियर इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा बाहेरच्या भिंतींचा प्लास्टिक रंग, सर्वांत महाग आणि सिमेंटच्या पक्क्या गिलाव्यावर सर्वांत टिकाऊ. त्यात शेवाळ-बुरशी रोखणारी द्रव्यं असतात. नवा गिलावा असेल तर निदान २८ दिवस थांबा, मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, आणि रंगाचे दोन हात. जुन्या भिंतीवरचं काळं शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने ब्रशने घासून, धुऊन, वाळवून घ्या. नुसतं झाकलं तर ते पुन्हा वर येतं. रंगारी पाणी किती घालतो त्यावर नजर ठेवा. डब्यावर प्रमाण लिहिलेलं असतं. हमीचा कागदही नीट वाचा: भिंतीतूनच येणारी ओल सहसा त्यात धरलेली नसते.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. चुन्यावरून इमल्शनकडे जाता येतं, पण तारेच्या ब्रशने चुना पूर्ण खरवडून. नाहीतर नवा रंग चुन्यासकट सोलून निघतो. इमल्शनवरून चुन्याकडे परतणं मात्र जवळपास अशक्य, कारण चुना त्या पापुद्र्याला धरतच नाही. जुन्या घराबाबत शंका असेल तर आधी चुना किंवा सिमेंट पेंट निवडा. तिथून पुढे जाता येतं.

ओल आहे की नाही हे कळायला फुटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर इमल्शनचा बेत पुढे ढकला आणि आधी पागोळ्या, कौलं, जोतं बघा.

अख्ख्या घराला एकच माल हवा असंही नाही. नैर्ऋत्येची झड ज्या भिंतीवर येते तिथला गिलावा सिमेंटचा असेल तर चांगलं इमल्शन तिथे लावा आणि मागच्या, आडोशाच्या भिंतींवर सिमेंट पेंटवर भागवा. खालचा दोनेक फुटांचा पट्टा काव रंगाचा ठेवायची जुनी पद्धत शहाणपणाची होती: लाल मातीचे शिंतोडे दिसत नाहीत. वरही काव, पिवळी माती अशा ऑक्साइडच्या छटा उन्हात टिकतात. भडक जांभळा, गुलाबी लवकर विटतो.

खिडक्यांच्या गजांचं थोडक्यात: खाऱ्या वाऱ्यात नुसता ऑइलपेंट पुरत नाही. गंज घासून काढा, मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर ऑइलपेंट; समुद्र अगदी जवळ असेल तर एपॉक्सी प्रायमरचा खर्च करा.

चाकरमान्यांना सगळं गणपतीच्या आधीच्या आठवड्यात हवं असतं. श्रावणातल्या दमट हवेत बाहेरचा कुठलाच रंग धड वाळत नाही. तेव्हाच यायला जमत असेल तर फक्त ओटी आणि माजघर घ्या, आतल्या इमल्शनचा एक हात द्या आणि दुसऱ्या हातापूर्वी पंखा लावून पूर्ण दिवस जाऊ द्या. बाहेरच्या कामाचे पैसे बाजूला ठेवा आणि रंगाऱ्याला डिसेंबरची तारीख आत्ताच सांगून ठेवा. तेव्हा तो सहज मिळत नाही.