२ जीबी रॅमच्या लिनक्स लॅपटॉपसाठी ब्राउझर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव ज्या लॅपटॉपवरचा आहे, त्याचा पडदा ११.६ इंची असून त्यात इंटेलचा सेलेरॉन एन२८४० हा दोन कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबीची ईएमएमसी (डिस्कच्या जागी असलेली साठवणीची चिप) आणि बोर्डावरच कायमची बसवलेली, म्हणजे कधीही वाढवता न येणारी २ जीबी रॅम आहे. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि एलएक्सक्यूटी हा डेस्कटॉप बसवला आहे. मशीन सुरू होऊन स्थिरावले की साधारण ४०० एमबी रॅम खर्च झालेली दिसते. राहिलेली जवळजवळ सगळी ब्राउझरच्या वाट्याला येते, कारण वर्तमानपत्रे, मराठी विकिपीडिया, ईमेल, बँकेचे व्यवहार आणि शासकीय अर्ज ही माझी सगळी कामे ब्राउझरमध्येच होतात. त्यामुळे या मशीनचा उपयोग होणार की ते कपाटात जाणार, हे ब्राउझरच ठरवतो.

निष्कर्ष आधीच सांगते. मुख्य ब्राउझर म्हणून फायरफॉक्सची ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती, तिच्यात जाहिराती रोखणारे यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन, आणि निव्वळ वाचनासाठी सोबत नेटसर्फ हा छोटा ब्राउझर, अशी व्यवस्था मी कायम केली आहे. फायरफॉक्सचे नाव हलक्या ब्राउझरांच्या यादीत सहसा नसते. तरीही तोच का निवडला, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

लिनक्सवरच्या हलक्या ब्राउझरांचा विषय निघाला की फाल्कन, एपिफनी, क्यूटब्राउझर, नेटसर्फ, डिलो ही नावे एका दमात घेतली जातात, पण ही सगळी एका जातीची नाहीत. खिडकी, मेनू आणि बुकमार्क हा ब्राउझरचा वरचा भाग झाला. रॅम खाते ते पान मांडणारे आणि जावास्क्रिप्ट चालवणारे इंजिन. फाल्कन आणि क्यूटब्राउझर हे दोन्ही क्यूटी वेबइंजिनवर चालतात, आणि वेबइंजिन म्हणजे क्रोमियमचाच, म्हणजे क्रोम ज्यावर बांधलेला आहे त्या ब्राउझरचाच, गाभा. एपिफनी वेबकिट जीटीके वापरतो. नेटसर्फ आणि डिलो यांची इंजिने मात्र त्यांची स्वतःची आणि खरोखर लहान आहेत. म्हणून फाल्कन रिकाम्या टॅबसह उघडला की हलका वाटतो, एलएक्सक्यूटीही क्यूटी याच टूलकिटवर, म्हणजे खिडक्या-बटणे काढणाऱ्या संचावर, बांधलेला असल्याने तो डेस्कटॉपशी जुळूनही जातो. परंतु बातम्यांच्या साइटची तीन पाने उघडली की क्रोमियम जेवढी रॅम घेईल त्याच्या आसपासच तोही जाऊन पोहोचतो. याला फाल्कनचा दोष म्हणता येणार नाही. पान तेच आणि इंजिनही तेच असेल, तर खर्चात फार फरक कुठून पडणार?

मग खर्च कुठे होतो, हे फायरफॉक्समध्येच स्पष्ट पाहता येते. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:प्रोसेसेस’ असे रोमन लिपीत टाइप केले की प्रत्येक साइटसाठी चालू असलेली प्रोसेस (संगणकावर स्वतंत्रपणे चालणारे काम), तिने घेतलेली रॅम आणि तिचा प्रोसेसरवरचा भार अशी यादी समोर येते. ब्लॉकर बंद ठेवून मी एका मराठी दैनिकाचे एकच बातमीपान उघडले आणि ही यादी पाहिली. दैनिकाच्या स्वतःच्या ओळीखाली जाहिरातींचा लिलाव चालवणाऱ्या, वाचकाचा माग ठेवणाऱ्या आणि व्हिडिओ चिकटवणाऱ्या परक्या डोमेनांच्या ओळींची रांग लागली होती. फायरफॉक्सने २०२१ च्या अखेरीस प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस देण्याची पद्धत सर्वांसाठी सुरू केली. सुरक्षेच्या दृष्टीने ती योग्यच आहे, कारण एका साइटचा कोड दुसरीच्या रॅममध्ये डोकावू शकत नाही. पण तिचा एक परिणाम असा की बातमीपानात चौकटी करून बसलेल्या परक्या साइटनाही आपापली प्रोसेस मिळते. बातमी असते चार परिच्छेदांची, आणि तिच्यासाठी लागणाऱ्या रॅमपेक्षा अधिक रॅम हे पाहुणे घेतात.

यूब्लॉक ओरिजिन चालू करून तेच पान पुन्हा उघडले, तेव्हा परक्या ओळी बहुतेक सगळ्या गेल्या आणि जवळजवळ एकट्या दैनिकाचीच ओळ राहिली. ब्लॉकर स्वतः काही रॅम घेतो हे खरे, पण तो जाहिरात नुसती झाकत नाही. तिची विनंतीच जाऊ देत नाही. त्यामुळे ती उतरवण्याचा, चालवण्याचा आणि तिला प्रोसेस देण्याचा असे तिन्ही खर्च वाचतात. या मशीनवर ब्राउझर बदलून जेवढा फरक पडला, त्याहून कितीतरी जास्त फरक या एका एक्स्टेंशनने पडला. माझी निवड मुख्यतः याच गोष्टीवर ठरली आहे. क्रोमने एक्स्टेंशनांची जुनी व्यवस्था, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही२, बंद केल्यामुळे पूर्ण क्षमतेचा यूब्लॉक ओरिजिन आता तिथे चालत नाही, त्याची लाइट आवृत्ती तेवढी मिळते. फायरफॉक्सने जुनी व्यवस्था चालू ठेवली आहे. डेबियनमध्ये हा ब्लॉकर पॅकेज म्हणूनही उपलब्ध आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा आहे, आणि हलका ब्राउझर शोधताना त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते असे मला वाटते. ब्राउझरच्या इंजिनांत सुरक्षेच्या त्रुटी सतत सापडत असतात आणि त्या वेळेवर बुजवणारे कोणीतरी मागे उभे असावे लागते. डेबियन आपल्या प्रकाशन-टिपणांत सर्वसाधारण वापरासाठी फायरफॉक्स किंवा क्रोमियमचीच शिफारस करते. वेबकिट जीटीकेला तिथे सुरक्षा-सुधारणा मिळतात, परंतु क्यूटी वेबइंजिनला त्या मिळत नाहीत. ते केवळ विश्वासातल्या मजकुरासाठी वापरावे, अशी डेबियनची भूमिका आहे. ज्या ब्राउझरमधून मी बँकेत लॉगिन करते आणि आधार क्रमांक भरते, त्याचे इंजिन कोणी दुरुस्त करत नसेल, तर वाचलेल्या रॅमची किंमत मला फार जास्त मोजावी लागेल. या एका कारणाने फाल्कन आणि क्यूटब्राउझर माझ्या यादीतून गळाले.

एपिफनी मात्र शेवटपर्यंत शर्यतीत होता. तो लवकर उघडतो, त्यात जाहिराती रोखण्याची सोय अंगभूत आहे, आणि एखादी साइट वेगळ्या ॲपसारखी बसवून ठेवता येते, ही सोय ईमेलसाठी मला फार आवडली. पण ७६८ पिक्सेल उंचीच्या पडद्यावर त्याची वरची जाड पट्टी खटकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका शासकीय पोर्टलवर फोटो आणि सही अपलोड करण्याच्या टप्प्यावर पान पुढे सरकत नव्हते. तोच अर्ज फायरफॉक्समध्ये विनातक्रार भरला गेला. आपल्याकडच्या अशा पोर्टलांची चाचणी मोजक्याच ब्राउझरांवर झालेली असते, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला इंजिनांचा तौलनिक अभ्यास करण्याची कोणाचीही तयारी नसते.

आता खऱ्या अर्थाने हलक्या असलेल्या दोघांविषयी. डिलोची सुरुवात १९९९ साली झाली. २०१५ नंतर त्याची नवी आवृत्ती कित्येक वर्षे आली नव्हती. २०२४ मध्ये ३.१ आवृत्तीने तो पुन्हा उभा राहिला, याचा मला मनापासून आनंद आहे. तो जावास्क्रिप्ट अजिबात चालवत नाही, पापणी लवते न लवते तोच उघडतो, आणि तांत्रिक दस्तऐवज वाचायला त्याच्यासारखा ब्राउझर नाही. पण मराठी वाचकासाठी त्यात एक मोठी अडचण आहे. डेबियन १२ मध्ये तो ज्या एफएलटीके टूलकिटवर बांधलेला आहे, ते देवनागरीची जुळणी करत नाही, अक्षरे साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक ठेवते. ‘विद्यार्थी’ हा शब्द घेतला, तर पहिली वेलांटी ‘व’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाते, ‘द्य’ फुटून पायमोडका द आणि पुढे सुटा य असा दिसतो, आणि ‘थी’च्या डोक्यावर रफार चढण्याऐवजी आधी पायमोडका र उभा राहतो. अशा स्थितीत एक परिच्छेद नेटाने वाचता येतो. अग्रलेख वाचता येत नाही.

नेटसर्फमध्ये ही अडचण नाही. मुळात रिस्क ओएस या प्रणालीसाठी २००२ साली सुरू झालेल्या या ब्राउझरची जीटीके आवृत्ती अक्षरे मांडण्याचे काम पँगो या अक्षरजुळणीच्या लायब्ररीकडे सोपवते, त्यामुळे जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या जागच्या जागी येतात. जावास्क्रिप्टचा त्याचा आधार अगदी मर्यादित असल्याने ते बंदच ठेवावे. तेवढे केले की मराठी विकिपीडियाचे लांबलचक लेखसुद्धा तो अगदी थोड्या रॅममध्ये राहून दाखवतो. मांडणी साधी होते, चौकटी कधी कधी खाली सरकतात, पण मजकूर पूर्ण मिळतो. फायरफॉक्स बंद असताना चटकन एखादा संदर्भ पाहायचा असेल, तर मी नेटसर्फच उघडते. त्यातून कुठेही लॉगिन मात्र करत नाही.

फायरफॉक्सला या मशीनजोगे करण्यासाठी काही बदल करावे लागले. सुचवले जाणारे सगळेच मी स्वीकारले नाहीत. ‘अबाउट:कॉन्फिग’ या प्रगत सेटिंगच्या पानावर पुढच्या टॅबसाठी आगाऊ प्रोसेस तयार ठेवण्याची सोय बंद केली, नवा टॅब किंचित उशिरा उघडतो, पण न वापरलेल्या प्रोसेसी रॅम अडवून बसत नाहीत. मागे गेल्यावर पान झटकन दिसावे म्हणून ब्राउझर आधीची पाने जिवंत ठेवतो, त्यांची संख्या कमी केली. उघड्या टॅबांची नोंद तो दर १५ सेकंदांनी डिस्कवर करतो. ते अंतर वाढवले, कारण ईएमएमसीवर सतत लिहिणे चालू राहिले की सगळेच मशीन अडखळते. साइटनिहाय प्रोसेस देणे बंद करण्याचा सल्लाही अनेक जण देतात. त्याने रॅम वाचते हे खरे आहे, पण बँक आणि बातम्या एकाच ब्राउझरमध्ये उघडत असताना ती भिंत पाडणे मला पटले नाही, आणि ब्लॉकरमुळे त्याची गरजही उरली नाही.

ब्राउझरच्या बाहेर केलेला एकच बदल महत्त्वाचा ठरला, तो झेडरॅमचा. रॅम भरत आली की लिनक्स रॅममधले बराच वेळ न वापरलेले तुकडे स्वॅपमध्ये, म्हणजे इथे संथ ईएमएमसीवर ढकलतो, आणि माउसचा बाणसुद्धा जागीच थिजतो. झेडरॅम तेच तुकडे दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवतो. प्रोसेसरला थोडे जास्त काम पडते, पण ते डिस्कच्या तुलनेत काहीच नाही. डेबियनचे झेडरॅम-टूल्स हे पॅकेज बसवून रॅमचा निम्मा हिस्सा त्याला दिला, तेव्हापासून पाच-सहा टॅब उघडे असताना मशीन पूर्ण हँग झाल्याचे आठवत नाही. शिवाय फायरफॉक्स १४० पासून टॅबवर राइट-क्लिक करून तो न मिटवता रॅममधून उतरवता येतो. अर्धवट वाचलेला लेख असा उतरवून ठेवणे आता अंगवळणी पडले आहे.

मराठी वाचनासाठी फायरफॉक्सचा आणखी एक गुण सांगायलाच हवा. फॉन्टच्या प्रगत सेटिंगमध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा किमान आकार ठरवता येतो. इतक्या लहान पडद्यावर रोमन अक्षरे १४ पिक्सेलची चालून जातात, पण त्याच आकारात ‘ष्ट्य’ किंवा ‘ङ्क्त’ यांचा नुसता काळा ठिपका दिसतो. देवनागरीचा किमान आकार १८ केल्यावर इंग्रजी पानांची मांडणी न बिघडता मराठी पाने डोळ्यांना सोपी झाली. एपिफनी किंवा क्रोमियमच्या सेटिंगमध्ये लिपीनुसार अशी निवड मला सापडली नाही. नव्या डेबियनवर देवनागरी फॉन्ट नसतील तर आधी ते बसवावेत. मी लोहित मराठी वापरते.

व्हिडिओबाबत अपेक्षा मर्यादित ठेवाव्या लागतात. एन२८४० च्या ग्राफिक्समध्ये एच.२६४ या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ उलगडण्याचे हार्डवेअर आहे, व्हीपी९ या पद्धतीचे नाही. यूट्यूब मात्र ब्राउझरला साधारणपणे व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवते आणि मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच२६४इफाय हे छोटे एक्स्टेंशन यूट्यूबला एच.२६४ देण्यास भाग पाडते. इंटेलच्या ग्राफिक्सवर हार्डवेअरने व्हिडिओ उलगडण्याची सोय लिनक्समध्ये फायरफॉक्स ११५ पासून आपोआप चालू असते. त्यासाठी या जुन्या चिपला आय९६५ हा व्हीए-एपीआयचा (व्हिडिओचे काम ग्राफिक्सकडे सोपवणाऱ्या व्यवस्थेचा) ड्रायव्हर बसवावा लागतो. एवढे जमले की ४८० पी दर्जाचे व्याख्यान किंवा मैफल सलग चालते. लांब कार्यक्रम असेल तर मी पत्ता कॉपी करून एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावते, ब्राउझर बंद करते, आणि मशीन थंड राहते. व्हिडिओ कॉल मात्र या प्रोसेसरवर कोणत्याच ब्राउझरमध्ये समाधानकारक होत नाही. ते काम मी फोनवर करते.

ज्यांचे लॅपटॉप याहूनही जुने, म्हणजे ३२ बिटचे आहेत, त्यांनी मात्र हा सल्ला जपून घ्यावा. गूगलने ३२ बिट लिनक्ससाठीचा क्रोम २०१६ मध्येच थांबवला, आणि फायरफॉक्सची १४४ ही ३२ बिट लिनक्ससाठीची शेवटची आवृत्ती ठरली. त्यांच्यासाठी ईएसआर १४० चा आधार निदान सप्टेंबर २०२६ पर्यंत राहील, असे मोझिलाने जाहीर केले होते. पुष्कळशा जुन्या मशीनवर प्रोसेसर ६४ बिट असूनही प्रणाली ३२ बिटची बसवलेली असते. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा देऊन पहिल्या काही ओळी पाहाव्यात. तिथे ६४ बिटचा उल्लेख असेल, तर ब्राउझर शोधण्याआधी ६४ बिटचा डेबियन बसवून घ्यावा.