व्हीजीटी की साधा वेस्टगेट टर्बो? गोव्यातल्या डिझेल पिकअपसाठी काय परवडेल

दोन पिकअपांवर गाडं अडलंय, एकीत व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बो (व्हीजीटी) आहे आणि दुसरीत साधा वेस्टगेटवाला, तर किमतीच्या आधी गाडीचा रोजचा रूट बघा. बेळगावहून चोर्ला घाट उतरून भाजी आणणारी गाडी आणि मालीम जेटीवरून पणजी-म्हापशाला मासळी पोचवणारी गाडी, या दोघींना एकच टर्बो मानवत नाही.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसने टर्बाइनचं चाक फिरवून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, आणि त्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. साध्या टर्बोत टर्बाइनचं घर ठरलेल्या मापाचं असतं. बूस्ट ठरावीक दाबापर्यंत चढला की वेस्टगेटची झडप उघडते आणि जादा एक्झॉस्ट चाकाला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो. व्हीजीटीत टर्बाइनच्या चाकाभोवती हलणाऱ्या पात्यांचं कडं असतं. आरपीएम कमी असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते, गॅसचा वेग वाढतो आणि चाक लवकर फिरायला लागतं. आरपीएम वाढला की पाती उघडतात आणि इंजिन मोकळा श्वास घेतं. सगळी पाती एका रिंगने एकत्र हलतात, रिंगला ॲक्च्युएटर फिरवतो, आणि तो व्हॅक्यूमवर चालतो किंवा इलेक्ट्रिक मोटरवर.

व्हीजीटी म्हणजे खालच्या आरपीएमला ताकद, असं शोरूममध्ये सांगतात. हे अर्धंच खरं आहे. कंपनीने लहान मापाचा साधा टर्बो बसवला तर तोही खालीच बूस्ट देतो, फक्त वर जाऊन दम सोडतो. व्हीजीटीचा खरा फायदा ताकदीचा पट्टा रुंद होण्यात आहे. म्हणून टर्बोच्या नावापेक्षा टॉर्कपुढे (इंजिनाच्या ओढीच्या आकड्यापुढे) छापलेले आरपीएम वाचा. बोलेरो पिकअपचं २.५ लिटरचं इंजिन २०० न्यूटन मीटर टॉर्क १४०० ते २२०० आरपीएममध्ये देतं. मॅन्युअल गिअरची हायलक्स ४२० न्यूटन मीटर देते ती १४०० पासून थेट ३४०० पर्यंत, आणि हे व्हीजीटीचं काम. इसुझू व्ही-क्रॉसच्या १.९ लिटर इंजिनातही व्हेरिएबल टर्बोच आहे, पण त्याचा पूर्ण ३६० न्यूटन मीटर टॉर्क २००० ते २५०० मध्ये मिळतो. म्हणजे नाव एकच असलं तरी भरलेली गाडी वळणावर वागेल वेगवेगळी.

हा फरक घाटात पायाला कळतो. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या तीव्र वळणावर लोड घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम पडतो, आणि वळण सुटल्यावर तोच गिअर ताणून पुढच्या वळणापर्यंत न्यायचा असतो. रुंद पट्ट्याच्या गाडीत गिअर बदलावा लागत नाही. अरुंद पट्ट्याच्या गाडीत २२०० नंतर ओढ कमी होते, तिसरा टाकला की परत खाली पडते. आठवड्यातून तीन-चार वेळा घाट चढणाऱ्याने व्हीजीटीला जादा पैसे द्यावेत, ते वसूल होतात. वेर्णा ते मडगाव, फोंडा ते उसगाव अशी फिरणारी, चिरे नाहीतर सिमेंट वाहणारी गाडी असेल तर साधा टर्बो पुरतो, उलट बराच काळ डोकेदुखी देत नाही.

व्हीजीटी कुठे अडते

काजळीत. पाती आणि रिंग यांच्यामधली फट अगदी बारीक असते. जेटीवर इंजिन चालू ठेवून तासभर रांगेत उभं राहायचं, मग सात-आठ किलोमीटर जाऊन बंद करायचं, असं रोज चाललं तर एक्झॉस्ट कधी नीट तापतच नाही आणि काजळी जळून जात नाही. त्यात टर्बोच्या सीलमधून थोडं ऑईल झिरपत असेल तर काजळीचा चिकट थर बसतो. पाती मिटलेल्या अवस्थेत अडकली तर बूस्ट हाताबाहेर जातो. घाटात ॲक्सिलरेटर दाबल्यावर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ताकद कापतो, चावी बंद करून परत सुरू केली की गाडी काही वेळ ठीक चालते, आणि स्कॅनरवर पी०२३४ हा जादा बूस्टचा कोड दिसतो. उघड्या अवस्थेत अडकली तर २००० आरपीएमपर्यंत ओढ नाही, मागे काळा धूर आणि पी०२९९, म्हणजे कमी बूस्टचा कोड. पण पी०२९९ दिसला म्हणून लगेच टर्बो उतरवू नका. आधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज, क्लॅम्प आणि व्हॅक्यूमची नळी बघा. फाटलेल्या होजनेही हाच कोड येतो, आणि तो बदलणं अर्ध्या तासाचं काम असतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, खारट हवा आणि पावसाळा. मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलै, मासळीच्या बऱ्याच गाड्या उभ्या राहतात. आतल्या काजळीत ओल मुरते, गंज धरतो, आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीला पाती जाम. आठवड्याला दहा मिनिटं जागेवर चालू ठेवण्याने नुकसानच जास्त होतं, कारण त्यात काजळी साठते आणि उष्णता येत नाही. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवा, त्यात एखादा चढ घ्या. मासळीच्या पेट्यांतून गळणारं पाणी चासीवर आणि वायरिंगवर पडतं. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर असेल तर त्याच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का ते तपासत राहा आणि गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, मात्र टर्बो गरम असताना त्यावर पाणी मारू नका.

वेस्टगेटचे आजार थोडे आणि सरळ असतात: ॲक्च्युएटरचा पडदा फाटणं, दाबाची नळी चिरणं, झडपेची दांडी झिजणं किंवा गंजून अडकणं. कार्ट्रिज (टर्बोचा मधला फिरता भाग) गेलं तर ते एकटं बदलता येतं. व्हीजीटीचंही कार्ट्रिज बदलतात, पण मग पात्यांची किमान वाट फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) लावून घ्यावी लागते. ही वाट ठरवणारा स्टॉपर स्क्रू डोळ्यांच्या अंदाजाने फिरवणाऱ्या फिटरकडे हे काम देऊ नका.

जाम झालेली पाती साफ करून घेता येतात. टर्बो उतरवायचा, घरांवर जुळणीच्या खुणा करायच्या, टर्बाइनचं घर सुटं करून पाती क्लीनरमध्ये भिजवायची आणि पितळी ब्रशने घासायची. सँड ब्लास्टिंग नको, आणि जोडताना पात्यांना ग्रीस नको, ते जळून नवी काजळी होते. पात्यांच्या पिना ढिल्या असतील तर साफसफाई वाया जाते. बसवताना ऑईल फीडची नळी नवी घाला, ऑईलच्या तोंडात स्वच्छ ऑईल ओता, आणि आधी इंजिन न पेटवता स्टार्टरने थोडं फिरवा.

जुनी गाडी बघताना

इंजिन थंड असताना जा. व्हॅक्यूमवाली व्हीजीटी असेल तर कुणाला तरी चावी मारायला सांगा आणि टर्बोच्या दांडीवर नजर ठेवा: इंजिन सुरू होताच दांडी ओढली गेली पाहिजे, बंद करताच एका दमात परतली पाहिजे. अडखळत असेल तर पाती धरलीत. हँड पंपाने व्हॅक्यूम देऊन बघितलं तर आणखी स्पष्ट कळतं, पंपाचा काटा टिकत नसेल तर ॲक्च्युएटरचा पडदा गेलाय. मग स्कॅनर लावून भरलेली गाडी चढावर न्या आणि ईसीयूने मागितलेला बूस्ट व मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी बघा. जोर देताना दोन्ही आकडे एकमेकांच्या मागोमाग चालले तर टर्बो ठीक आहे. मिळालेला आकडा सतत मागे राहिला किंवा उडी मारून वर गेला, तर टर्बोची दुरुस्ती गृहीत धरूनच भाव करा.