अंगावर येणारा कोंबडा: वळण लावावं, बदलावा, की कोंबड्याविनाच भागवावं?

मागच्या मिरगात आमच्या कोंबड्याने आईच्या पोटरीत पायामागचा काटा रुतवला. ती पाठमोरी उभी राहून सुपातून कण्या टाकत होती. जखम दिसायला टाचणीच्या टोकाएवढी, पण संध्याकाळपर्यंत पोटरी टणक सुजली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं (तो काटा दिवसभर शेणामातीत फिरलेला असतो, यात आळस नको) आणि रात्री जेवताना घरात तीन पक्ष पडले. वडील म्हणाले, हा काढा, दुसरा आणा. मी म्हटलं, थांबा, वळण लावून बघू. वहिनी म्हणाली, अंडीच खायचीत तर कोंबडा हवाय कशाला?

तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, म्हणून तिन्ही वाटा इथे शेजारी शेजारी मांडतो. घरात लहान मूल रांगत-धावत असेल तर मात्र वळण लावण्याच्या भानगडीत पडू नका. कोंबड्याची उडी आपल्या पोटरीवर येते. रांगत्या पोराचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात.

आधी बघा, तो मारतो कधी

कोंबडी धरली, ती ओरडली आणि कोंबडा धावून आला, तर त्याला मारका म्हणू नका, तो त्याचं काम करतोय. कोंबडी पकडायची तर रात्री खुराड्यातून काढा, प्रश्न मिटला. पण तुम्ही नुसतं अंगण ओलांडताय आणि तो पलीकडच्या कोपऱ्यातून मान खाली घालून येतोय, तर गोष्ट वेगळी.

अंगावर येण्याआधी बहुतेक कोंबडे सांगून येतात. मानेची पिसं फुलतात. एक पंख जमिनीला घासत तो तिरका तिरका चालतो. नाहीतर जमिनीवर दाणा नसतानाच उगाच टोचल्यासारखं करतो. कोंबडीपुढे पंख घासला तर ती लाडीगोडी. तुमच्यापुढे घासला तर ते आव्हान. यातलं काहीच न करता थेट पाठीमागून येणारा कोंबडा सुधारेल यावर माझा तरी विश्वास नाही.

वयही बघा. पाच-सहा महिन्यांचा, नवा नवा आरवायला लागलेला कोंबडा वर्षाचा होईपर्यंत सगळ्यात त्रासदायक असतो. काही पुढे आपोआप निवळतात.

पहिली वाट: वळण लावणं

खर्च शून्य, वेळ भरपूर. यात सगळ्यात मोठी चूक सगळेच करतात: झाडू उगारणं, नाहीतर लाथ मारणं. आपल्याला वाटतं धाक बसला. कोंबड्याच्या लेखी मात्र झुंज सुरू झाली, आणि झुंज एका दिवसात संपत नसते. उलट आपण पळालो तर तो जिंकला. म्हणून दोन्ही करायचं नाही. तो आला की जागेवर उभं राहायचं, पुढ्यात बादली किंवा सूप धरायचं, आणि तो थंड झाला की सावकाश त्याच्याच दिशेने दोन पावलं टाकायची, म्हणजे वाट तो सोडेल.

याच्या जोडीला रोज अंधार पडल्यावर त्याला आडव्या दांडीवरून उचलून काखेत धरायचं. पंख आपल्या बगलेत, पाय आपल्या मुठीत, तोंड मागच्या बाजूला. धडपड थांबेपर्यंत सोडायचं नाही. धडपडत असताना सोडला तर तो उलटंच शिकतो. काट्याचं टोक कानशीने जरासं बोथट करता येतं, फक्त टोकच. आत हाड असतं आणि रक्त येतं. त्याने जखम कमी होते, स्वभाव बदलत नाही.

आम्ही हे तीन आठवडे नेमाने केलं. कोंबडा माझ्या वाटेला जायचा बंद झाला. शाळेतल्या मास्तरांना बघून पोरं होतात तसा मला बघून बाजूला व्हायचा. चौथ्या आठवड्यात आईच्या मागे पुन्हा धावला. तेव्हा कळलं की वळण एकेका माणसापुरतं लागतं. घरात दाणे टाकणारी चार माणसं असतील तर चौघांनीही हे करायला हवं, आणि गुडघेदुखी असलेल्या बाईने अंधारात कोंबडा काखेत धरून उभं राहावं ही अपेक्षा मला तरी करवली नाही.

एक गोष्ट नक्की करा: असा कोंबडा ठेवलात तरी त्याची अंडी उबवायला ठेवू नका. तापटपणा बराचसा रक्तातून उतरतो. आणि पिल्लू असताना हातावर दाणे देऊन लाडावलेला नरही पुढे अनेकदा डोईजड होतो, कारण त्याला माणसाचं भय उरलेलं नसतं.

दुसरी वाट: कोंबडा बदलणं

माझं मत आता इकडे झुकलंय. सात-आठ गावठी कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तीन-चार कोंबड्यांत एक तरुण कोंबडा सोडला तर त्याच्या सततच्या चढण्याने त्यांच्या पाठीची पिसं झडतात आणि त्याची रग आपल्यावर निघते ती वेगळीच.

नवा घेताना जातीवर जाऊ नका असं म्हणणार होतो, पण थोडं जावं लागतं. गिरिराज (बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातला) आणि वनराजा (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयातला) अंगाने भारी, चालीने मंद, बहुधा शांत. पण एवढं धूड लहानखुऱ्या गावठी कोंबडीवर चढलं की तिचे हाल होतात. कडकनाथ चपळ आणि बुजरा. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याचा भाव वाढला, स्वभावात काही फरक पडला नाही. असील ऐकून लोक घाबरतात, खरं तर माणसाशी तो पुष्कळदा सगळ्यांत गरीब असतो. दुसऱ्या कोंबड्याशी मात्र मरेपर्यंत भांडेल, म्हणून दोन नर ठेवायचे असतील तर असील नको. (झुंजी लावायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, हे लक्षात ठेवा.) परसासाठी गावठीच बरा: झाडावर झोपतो, घार दिसली की ओरडतो, रोगाला तुलनेने चिवट.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पूर्ण वाढलेला नर त्याच्याच अंगणात जाऊन बघणं. पिल्लातून स्वभाव कळत नाही. आणि विकणाऱ्या पुरुषाला विचारू नका, दाणे टाकणाऱ्या बाईला विचारा. शक्य झालं तर तिच्या पोटऱ्या बघा. मग मूठभर तांदूळ टाका. चांगला कोंबडा दाणा चोचीत उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो, गळ्यातून ‘कुट कुट’ करत कोंबड्यांना बोलावतो आणि त्या खाईपर्यंत स्वतः थांबतो. जो सगळ्यांना हाकलून आधी आपलं पोट भरतो, तो तिथेच राहू द्या.

आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा, नाहीतर त्याच्यासोबत मानमोडीचा रोग घरी यायचा. या काळात जमलेली अंडी उबवायला लावू नका. जुना गेल्यावरही दोन, कधी तीन आठवडे कोंबड्या त्याच्याच बीजाची अंडी देत राहतात.

तिसरी वाट: कोंबडाच नको

वहिनीचं गणित साधं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. कोंबडी खुडूक बसली (अंडी उबवायच्या ओढीने बसून राहिली) की शेजाऱ्याकडून दहा फळलेली अंडी मागून आणायची आणि तिच्याखाली ठेवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं. दाटीच्या वस्तीत, बंगल्याच्या मागे किंवा गच्चीवर कोंबड्या पाळणाऱ्याने तर हीच वाट धरावी. रात्री झाकून ठेवल्याने आरवणं थांबत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की कायम मंद उजेडात कोंडलेले कोंबडेही आतल्या घड्याळावर आपली वेळ साधतात. शेजाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो.

घाटा कोणता? घार आल्याची आरोळी देणारं कुणी राहत नाही. पण मुंगसापुढे आणि भटक्या कुत्र्यापुढे कोंबडाही फारसं करू शकत नाही, तिथे जाळीच लागते.

चौथी एक वाट लोक सुचवतात: कोंबडा कायम डालून ठेवायचा. एका डालग्यात वर्षभर एक चिडलेला पक्षी. आठवडाभरासाठी ठीक, त्यापुढे त्याचेही हाल आणि आपलेही.

आमचा कोंबडा गटारीच्या आठवड्यात चांगल्या भावाने गेला. नवा आणला तो पलीकडच्या वाडीतून, दीड वर्षाचा, एका डोळ्याच्या वर जुनी खूण असलेला. दाणे टाकले की आधी कोंबड्यांना बोलावतो. आई मात्र अजून कण्या टाकताना पाठ भिंतीला लावूनच उभी राहते.