खिमा कुठून घ्यावा: समोर काढलेला, तयार ठेवलेला की पाकिटातला?

मटणाचे तुकडे घेतले की काय घेतलं ते डोळ्यांना दिसतं. त्याचाच खिमा झाला की मांडी कुठली, पडदे किती, चरबी किती आणि मध्ये भिजवलेला सोया आहे का, यातलं काही वरून कळत नाही. मटणाच्या आजच्या भावात हे न कळणं महागात पडतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात खिमा साधारण तीन तऱ्हेने मिळतो. त्यातला कुठला कोणाला परवडेल आणि कशावर भरवसा ठेवता येईल, ते इथे मांडतो.

या प्रश्नाची मोठी चर्चा परदेशात झाली ती गोमांसाच्या खिम्यावरून. अमेरिकेत नुसतं ‘ग्राउंड बीफ’ म्हणून विकायच्या खिम्यात ३० टक्क्यांपेक्षा जास्त चरबी चालत नाही. वरून पाणी, सोया किंवा पीठ घालायलाही मनाई आहे. तरीही २०१२ साली तिथे गदारोळ उठला. चरबीच्या छाटणीतून यंत्राने वेगळं काढलेलं, अमोनियाने प्रक्रिया केलेलं बारीक मांस खिम्यात मिसळलं जात होतं. सरकारी नियमांत तेही गोमांसच धरलं जात असल्यामुळे ते वेगळं लिहायचं बंधन नव्हतं. लोक चिडले ते मुख्यतः आपल्याला कोणी सांगितलं नाही म्हणून. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला आयर्लंडमधल्या एका तपासणीचा निकाल आला. २७ बीफ बर्गरपैकी १० मध्ये घोड्याच्या मांसाचा अंश सापडला होता. एका बर्गरमध्ये तो २९ टक्के होता.

कर्नाटकात २०२१ पासून गोवंश हत्याबंदीचा कडक कायदा लागू आहे, त्यामुळे आपल्या बाजारात हा प्रश्न येतो तो मटण आणि चिकनच्या खिम्याबाबत. वाढीव घालायच्या वस्तू मात्र बहुतेक त्याच आहेत: सोया, पाव, मैदा, पाणी, चरबी, स्वस्त मांस.

समोर काढून घेतलेला

माझं मत आधीच सांगतो: जमत असेल तर हाच घ्यावा. “चाचा, मांडीचं अर्धा किलो द्या, आधी दाखवा, मग खिमा करा,” एवढं म्हटलं की निम्मं काम झालं. तुकडा तोलून झाल्यावर मशीनमध्ये जाऊ द्या. आधी दळून मग तोललं तर मधे काय आलं ते कळत नाही. मशीनमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचा खिमा अडकलेला असतो, तोही काढायला सांगावं. सत्तूरने हाताने कापलेला खिमा मिळाला तर त्याहून चांगलं. तो जाडसर असतो, शिजल्यावर दाणा सुटा राहतो आणि त्यात सोया लपवणं अवघड जातं.

भाव तुकड्यांचाच पडतो, कधी कापणावळ थोडी वेगळी. अडचण वेळेची आहे. रविवारी सकाळी किंवा श्रावण आणि गणपती उरकल्यानंतरच्या गर्दीत प्रत्येकाला दाखवून कापायला दुकानदाराला उसंत नसते. बुधवारी किंवा शुक्रवारी गेलात तर तोच माणूस शांतपणे पडदे काढून देतो.

ट्रेमध्ये तयार ठेवलेला

हा मी सुचवणार नाही. भेसळीची शंका बाजूला ठेवली तरी खिमा तुकड्यापेक्षा लवकर बिघडतो. मांसाच्या वरच्या बाजूला असलेले जंतू दळताना आतपर्यंत पसरतात. घरी फ्रिजमध्येसुद्धा कच्चा खिमा एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नये, आणि शिजवताना आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. ट्रेमधला सकाळचा की कालचा, हे कोण सांगणार? शिवाय विकले न गेलेले कडेचे तुकडे आणि चरबी बहुतेक वेळा यातच जातात.

पाकिटातला फ्रोझन

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच फ्रीजरमध्ये शेजारी ठेवलेल्या असतात. एक नुसता खिमा, दुसरा कबाब, पॅटी, नगेट्स. दुसऱ्या प्रकारात सोया, ब्रेडचा चुरा, स्टार्च असणं कायदेशीर आहे, फक्त पाकिटावर लिहिलेलं हवं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिली तीन नावं वाचली तरी पुष्कळ कळतं. मांसाच्या मागोमाग पाणी आणि मग सोया प्रोटीन असेल, तर आपण कशाचे पैसे देतोय ते स्पष्ट आहे. बऱ्याच पाकिटांवर मांसाची टक्केवारीही छापलेली असते. दोन पाकिटांतली निवड किमतीवरून करण्याआधी हा आकडा बघा. सोया, गहू, दूध यांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी वेगळी सूचना असावी लागते. यादीत आयएनएस (पदार्थात घातलेल्या रसायनांचे ठरलेले क्रमांक) ४५१ किंवा ४५२ दिसलं तर ते फॉस्फेट, म्हणजे मांसात पाणी धरून ठेवणारं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते टाळावं.

आपल्या भागात बरीच मराठी माणसं कन्नड वाचू शकत नाहीत. पण पाकिटावरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावाच लागतो, कन्नड असेल तर ती त्याशिवाय. तेव्हा पाकीट उलटून बघा, आणि इंग्रजी अडत असेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून यादी वाचून घ्या.

सोया वाईट आहे का?

बैलहोंगल-निपाणीच्या शिवारात खरिपाला सोयाबीन उभं असतं, त्या सोयाला मी नावं ठेवणार नाही. सुक्या सोया ग्रॅन्युल्समध्ये निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. भिजवून वजन तिप्पट झालं तरी शंभर ग्रॅममागे सोळा-सतरा ग्रॅम उरतात, मटणाच्या फारसं मागे नाही. मैदा, ब्रेड किंवा बटाट्याचं तसं नाही, त्यांनी प्रथिनं खरोखर पातळ होतात. घरी कोफ्ता वळताना आपणही फुटाण्याच्या डाळीचं कूट घालतो, मटार-खिमा करतो. ते आपल्याला माहीत असतं.

राग येतो तो हिशोबावर. समजा मटण ८०० रुपये किलो आणि सुका सोया १६० रुपये किलो. भिजलेला सोया किलोला ५३ रुपयांच्या आसपास पडतो. किलोभर खिम्यात पावशेर तो मिसळला, तर मालाची किंमत ६१५ च्या आत येते आणि गिऱ्हाइकाकडून ८०० घेतले जातात. एका किलोमागे जवळपास १८५ रुपये, तेही न सांगता. महिन्यातून एकदाच मटण आणणाऱ्या घरातून हे पैसे जातात, हे मला सहन होत नाही.

शंका आली तर घरी थोडं तपासता येतं. चमचाभर कच्चा खिमा पाण्यात कुस्करून त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर त्यात पीठ, ब्रेड किंवा बटाटा आहे. सोया मात्र या चाचणीत सापडत नाही. त्यासाठी कोमट पाण्यात खिमा मोकळा करून बोटांनी दाबून बघा. मांसाचे धागे सुटतात, सोयाचा कण स्पंजासारखा दबून परत फुगतो. मटणात चिकन किंवा दुसरं मांस मिसळलं असेल तर ते प्रयोगशाळेतच कळेल. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही नमुना फूड ॲनालिस्टकडे, म्हणजे अन्नाची तपासणी करणाऱ्या सरकारी तज्ज्ञाकडे, देता येतो. खरेदीच्या वेळी दुकानदाराला तसं सांगावं लागतं आणि फी भरावी लागते. गैर काही निघालं तर फी परत मिळते.

घरात लहान मुलं, आजारी माणूस किंवा ॲलर्जी असेल तर समोर काढलेल्या खिम्याशिवाय दुसरा विचार करू नका. घरात असं कोणी नसेल आणि डब्याला घाईत काही हवं असेल तर मांसाची टक्केवारी छापलेलं पाकीट चालेल. आणि यात्रेला पन्नास पाहुणे येणार, पैसे मोजकेच असतील, तर तीन किलो मटणाचा खिमा समोर काढून घ्या, पाऊण किलो भिजवलेला सोया घरी आपल्या हाताने मिसळा आणि पंगतीत तसं सांगून वाढा.