‘किल्ला’ किती घरांचा? विम की ईमॅक्स

विम आणि ईमॅक्स हे मजकूर लिहिण्या-सुधारण्याचे दोन प्रोग्राम; मराठीसाठी कोणता बरा? ‘किल्ला’ म्हणजे युनिकोडची (संगणकातल्या अक्षरांच्या संकेतावलीची) 6 चिन्हं, अक्षरं दोनच. टर्मिनल म्हणजे फक्त मजकुराचा, सारख्या रुंदीच्या घरांत आखलेला पडदा. त्यातला विम वेलांटी, हलन्त आणि काना शून्य रुंदीचे धरून 3 घरं मोजतो. टर्मिनल वेलांटी-कान्याला एकेक घर देणारं असेल, तर त्याचा हिशोब 5 वर जातो. मग कर्सर दिसतो एकीकडे, अक्षर पुसलं जातं भलतीकडेच! सर्व्हरवर दोन ओळी बदलायच्या तर हे चालवून घ्यावं.

टर्मिनलाबाहेर, स्वतःच्या खिडकीत चालणारा ईमॅक्स 27व्या आवृत्तीपासून जोडाक्षरं हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीकडून जुळवून घेतो, त्यामुळे ‘ल्ला’ नीट दिसतो. तिथे दुखणं वेगळं: देवनागरी फॉन्ट एकरुंद (प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं) नसल्याने तक्त्यातल्या उभ्या रेघा डुलतात. तरी रोजचं मराठी लेखन मी ईमॅक्समध्येच करतो. तक्ते काय, स्प्रेडशीटमध्ये होतात.