महानगर टेलिफोन निगम: विलीनीकरण की केवळ कारभाराचे हस्तांतरण?

मुंबई-दिल्लीची दूरध्वनी सेवा १९८६ पासून महानगर टेलिफोन निगमकडे होती, तर २००० मध्ये स्थापन झालेल्या भारत संचार निगमकडे उर्वरित देश. ही विभागणी मोबाइलच्या युगात महागात पडली. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या दोन्ही सरकारी कंपन्यांच्या विलीनीकरणाला तत्त्वतः मान्यता दिली. विलीनीकरणाने देशभर एकच जाळे उभे राहते खरे. परंतु महानगर निगमवरील हजारो कोटींचे कर्जही भारत संचार निगमच्या माथी येते आणि शेअर बाजारात नोंदलेल्या महानगर निगमच्या खासगी भागधारकांचा प्रश्नही सोडवावा लागतो. महानगर निगमचा केवळ कारभार भारत संचार निगमकडे सोपवल्यास हे दोन्ही अडथळे टळतात. मुंबईकर ग्राहकाला (लँडलाइन अजून जपणाऱ्यालाही) दुरुस्ती वेळेवर हवी असते, म्हणून मला दुसरा पर्याय अधिक व्यवहार्य वाटतो. कर्ज मात्र त्याने फिटत नाही.